दाजी बोलायला जातात

साक्षात देव समोर उभा राहिला आणि 'वर माग' म्हणाला, तरी आमचे दाजी आधी त्याचा जबडा उघडून दात बघतील. मग त्याला अंगणात चालवून आणतील, मागचा पाय ओढतो का ते न्याहाळतील आणि शेवटी मला बाजूला घेऊन विचारतील, "देव तर वाटून राहिला. पन फुकट वर काहून देतो? ह्याच्यात त्याचं काय?" 'ह्याच्यात त्याचं काय' हा दाजींचा अख्ख्या जगाला एकच प्रश्न. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार शिरड शहापूर, धंदा बैलबाजारातली दलाली. 'लई गरीब हाय, लेकरू बसवा पाठीवर' असं सांगून विकलेल्या बैलांच्या लाथा ज्याने जन्मभर खाल्ल्या, तो माणूस दुसरा कसा होणार, असं अक्का म्हणते. मला विचाराल तर यात बैलांचा काही दोष नाही. दाजी मुळातच तसे.

एस.टी.त चढताना ते पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग त्याने खरं सांगितलं का ते ड्रायव्हरला विचारतात, आणि तरीही गाडी फाट्यावरून बरोबर बाजूला वळेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन उठायच्या तयारीत बसतात. "पाटी काय, कोनी बी बदलतं." माझं हिंगोलीला चष्म्याचं दुकान आहे. दाजींना जवळचं दिसेनासं झालं तेव्हा मी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. खालच्या ओळीपाशी अडले. "ही वळ कोनी लिहिली?" म्हटलं, कंपनीनं. "चष्म्याच्या कंपनीनं?" म्हटलं, हो. "मंग बारीकच लिहिनार की!" आणि उठून चालू लागले. भाचीला बघायला मुलगा आला, तर त्याला "तुमची गाडी बराबर उभी हाय का, जरा फाटकापरेंत बघून येता का" असं सांगून पिटाळलं आणि ओसरीवरून त्याची चाल बघत बसले. चाल पसंत पडली. आता दात. दात दिसावेत म्हणून दाजींनी एक विनोद सांगितला. दाजींचे विनोद असे असतात की ऐकून माणूस ओठ घट्ट मिटून घेतो. मुलगा हसेना, लग्न अडलं. शेवटी अक्काने त्याला दाताने सोलून खायला ऊस दिला, तेव्हा कुठे सोयरीक जुळली. जावई अजूनही अभिमानाने सांगतो, की सासरी पहिल्याच दिवशी माझा काय पाहुणचार झाला!

पण दाजी नीट कळायचे तर बैलबाजाराची रीत ठाऊक पाहिजे. तिथं भाव तोंडाने बोलत नाहीत. एक दलाल विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. धरली तितकी बोटं, तो आकडा. मनगट झटकलं म्हणजे 'नाही'. हात दाबला म्हणजे 'अजून चढव'. भोवती माणसांचं कोंडाळं, वरवर सोयाबीनच्या आणि सोयरिकीच्या गप्पा, आणि आत सौदा. दाजींनी ही रीत घरीही आणली. अक्का पीठ मळता मळता विचारते, "अवं, किती भाकरी टाकू?" तर हे खांद्यावरचं उपरणं तिच्या पिठाच्या हातावर टाकून बोटं धरणार. घरात तिसरं माणूस नाही! अक्का ओरडते, "अवं तोंडानं बोला की!" दाजी म्हणतात, "भितीला कान असत्यात." "असू द्या ना! भित काय भाकर मागनार हाय का आपल्याला?" भाकरीचाच आकडा असा, तर मनातल्या गोष्टींचं काय विचारता. हा माणूस आनंद झाला तरी सांगत नसे आणि दुखलं तरी सांगत नसे.

बाजारात दाजींच्या समोर बहुतेक एकच माणूस बसायचा. जवळच्या तांड्यावरचा. सगळे त्याला नाईक म्हणत. त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखाच्या वाऱ्या केलेल्या, त्यामुळे बैलातलं आपल्याला कोणी शिकवू नये असं त्याचं मत. दाजींचंही स्वतःबद्दल तेच मत. झालं, हाडवैर! नाईकाचं नाव काढलं की दाजी म्हणायचे, "पक्का लबाड. डोळ्यात पानी आनून भाव चढवतो." आणि बाजार उठला की दोघं एकाच बाकड्यावर एकच चहा बशीत अर्धा-अर्धा ओतून पीत बसत. मी एकदा बोलून गेलो, "दाजी, तुमची तर दोस्ती आहे की!" केवढे चिडले. "दोस्ती? त्याचं तोंड लबाड हाय, डोळे लबाड हायेत. हात तेवढा खरं बोलतो, बस."

मागच्या वर्षी हा नाईक बाजारातच गेला. सौदा चालू असताना बसल्या जागी कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयाचा झटका. समोर दाजीच बसलेले. तरी नंतर तांड्यावर माणसं भेटायला गेली तेव्हा दाजी काही गेले नाहीत. सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. दाजी ते, त्यांना मरणाचाही संशय आला असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजींची छाती भरून यायला लागली. बाजाराच्या दिवशी तर सकाळपासून हात गार पडायचे, घाम फुटायचा. झोप उडाली, जेवण तुटलं, आणि ज्या माणसाने कधी बाजार चुकवला नव्हता तो उंबऱ्याबाहेर पडेना. अक्काचा फोन आला. "बोलत तर आधीच नव्हते रे. आता भांडून बी न्हाई राहिले. काल दूधवाल्यानं पानी घातलं, तर म्हनले, जाऊ दे." दूधवाल्याला 'जाऊ दे' म्हणणारे दाजी! मी दुकानाला कुलूप लावून शिरड गाठलं. अक्का दारातच होती. "मला माहा मानूस परत पाहिजे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आमची अक्का रडणारी नव्हे.

नांदेडला नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ई.सी.जी., काढली, सोनोग्राफी काढली, रक्त काढलं. सगळं नॉर्मल. आता कोणाही माणसाला हे ऐकून बरं वाटेल. दाजी आणखी काळवंडले. "नार्मल म्हंजे काय ते मला नको सांगू. बाजारात 'बैलात काईच खोड न्हाई' असं सांगितलं, की समजायचं मोठी खोड हाय." शेवटी औंढ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो रिपोर्टांचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "काका, हृदयाला काही झालेलं नाही. मनाला घोर लागलाय. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक बसतात. त्यांच्याशी जाऊन बोला."

"बोलून काय होतंय?"

"हलकं वाटतं. गोळीची गरज पडली तर नंतर बघू."

"फीस?"

"काही नाही. मोफत आहे."

इथेच सगळं बिनसलं. बाई दोनशे-पाचशे बोलल्या असत्या तर दाजी घासाघीस करून गेलेही असते. 'मोफत' ऐकलं आणि त्यांचे कान टवकारले. "अरे चष्मेवाल्या, लग्नाची बायको फुकट ऐकत न्हाई, आन हा सरकारी मानूस ऐकनार? ह्याच्यात त्याचं काय?" मग घरी बसून एकेक तर्क. तो माणूस ऐकलेलं पेपरवाल्याला विकत असेल. जमिनीचं काढून घेत असेल. सगळ्यात मोठी भीती ही, की आधार कार्डाला 'येडा' म्हणून जोडतील. "एक बार जोडलं, की मंग मतदान गेलं, रेशन गेलं, आन बाजारात माह्या शब्दाला कोन विचारनार?" पुढे पुढे माझ्यावरच नजर रोखली. "तुला किती भेटून राहिले रे, मानूस आनल्याचे?" मी बोलायचं ते बोललो. खरं सांगतो, दाजींबरोबर चार दिवस राहिलं की आपल्यालाही लागण होते. मीसुद्धा मनात म्हटलं, खरंच, याच्यात त्याचं काय?

गुंता सोडवला अक्काने. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी जात नसाल तर ऱ्हाऊ द्या. मी जाते. तुमच्या बदली मीच बोलते. लग्नापासून सुरू करते." दाजी मुकाट्याने उठून चपला शोधायला लागले.

दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटू नये, आणि भेटलंच तर काही कळू नये, म्हणून दाजींनी गालाला मफलर बांधून दातदुखीचं सोंग घेतलं. ऐन उन्हाळ्यात मफलर. मी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. तेवढ्यात दाजींना शिरडचाच एक गडी भेटला, आणि त्याचा मेहुणा नेमका दातांच्या विभागात शिपाई. "दाजी, तुमी रांगेत काहून बसता? चला!" असं म्हणून त्याने त्यांना दंडाला धरून नेलंच. मी येऊन बघतो तर दाजी गायब. शोधत शोधत गेलो, तर हे खुर्चीत आडवे, डोक्यावर दिवा, तोंडाचा आ वासलेला, आणि डॉक्टर चिमटा हातात घेऊन विचारताहेत, "कुठला दुखतो?" खरं सांगायची सोय नाही आणि कुठला तरी दात दाखवणं तर भाग. दाजींचं बोट तोंडाकडे निघालं होतं. मी धावलो म्हणून दात वाचला. बाहेर आल्यावर बराच वेळ गाल चोळत म्हणाले, "बैलाला कसं वाटतं, ते आज समजलं."

समुपदेशकाची खोली लहानशी, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, खिडकीला पडदा. दाजींनी आधी पडद्यामागे बघितलं, मग टेबलाखाली. समुपदेशक म्हणजे एक पोरगेलासा तरुण, हिंगोलीचाच. दाजी माझ्या कानात कुजबुजले, "दोन दातीच हाय अजून." म्हणजे गोऱ्हा, जोताला न लागलेला. मी उठायला लागलो तर माझा हात धरला. "साक्षीदार पाहिजे." तो तरुण हसला आणि म्हणाला, बसू द्या. मग म्हणाला, "काका, इथलं बोलणं बाहेर जात नाही."

"बाजारात बी असंच सांगत्यात."

तरुण गप्प. दाजी गप्प. पंखा फिरतोय. असा किती तरी वेळ गेला. मला तर घाम फुटला, कारण आमच्या घराण्यात दोन माणसं एवढा वेळ गप्प बसली की समजायचं वाटण्या होणार. पण तो पोरगा काही चुळबुळ करेना. शेवटी त्यानेच हळू विचारलं, "काका, मनाची तकलीफ किती आहे? एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती म्हणाल?"

आकडा! दाजींनी दार बंद आहे का ते पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं, टेबलावर पसरलं आणि खालून हात पुढे केला. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी रीत सांगितली. त्याने मान डोलावली आणि आपला हात उपरण्याखाली सरकवला. दाजींनी दोन बोटं धरली.

"दोन? म्हणजे तसं बरंच बरं आहे," पोरगा म्हणाला. श्वास कसा सावकाश घ्यायचा ते शिकवलं आणि पुन्हा बोलावलं. बाहेर आल्यावर दाजींच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी तेज. "फसला! दोनावर मानला."

माझा संताप झाला. "अहो दाजी, तो काय बैल घेतोय तुमच्याकडून? कमी सांगून फायदा काय?"

"पयल्या बैठकीत खरा भाव कोन सांगतो? त्यानं 'न्हाई' म्हनायला पाहिजे होतं. मनगट झटकायचं होतं. मंग म्या चढवला असता. त्याला धंदाच येत न्हाई!" आता या माणसापुढे कोणी कपाळ बडवून घ्यावं?

पुढच्या खेपेला दाजी मफलर सोडत होते तेवढ्यात मी आत जाऊन त्या पोराला एवढंच सांगितलं, की बाबा, पहिला भाव खरा नसतो. दाजी आले, बसले, उपरणं पसरलं. तीन बोटं धरली. पोराने मनगट झटकलं. दाजी चमकले. चार धरली. "काका, एवढ्यात नाही सुटत," पोरगा म्हणाला, "मी मागच्या बाजाराला फसलो, आज नाही." दाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. पाच झाली. पुन्हा नकार. मग दाजी वरवर सोयाबीनचं बोलायला लागले, आणि काय सांगू, तो पोरगाही सोयाबीनचं बोलायला लागला! मी बसल्या जागी मजा बघत होतो. वाटलं, ही गोष्ट अक्काला सांगून हसवावं. आणि मग पोराने, कसं सुचलं कोण जाणे, सावकाश दाजींचा हात दाबला. अजून चढवा.

दाजींचं सोयाबीन अर्ध्यात थांबलं. चेहरा पांढरा पडला. पोरगा म्हणाला, "काका? सोडू का हात?" दाजींनी मान हलवली आणि उलट त्यांनीच त्याचा हात असा आवळला, की पोराने ओठ चावला.

"असं दाबलं त्यानं," दाजी म्हणाले. तोंडाने. मोठ्यानं. "नाईकानं. म्या म्हनलं, भाव चढवून राहिला. म्या न्हाई म्हनलं. त्यानं आनखी जोरात दाबलं. डोळ्यात पानी आलं त्याच्या. म्या म्हनलं, झालं ह्याचं नाटक सुरू. परत न्हाई म्हनलं. मंग हात ढिला पडला. मला वाटलं, मानला. म्या हासलो, लेकरा. तो मरून राहिला होता, आन म्या सौदा जितलो म्हनून हासलो."

इतके महिने हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता, आणि आम्ही त्याच्या छातीच्या पट्ट्या काढत होतो. पोराने हात काढून घेतला नाही. तसाच धरून विचारलं, "काका, तुमच्या जागी दुसरा दलाल असता तर त्याला काय वाटलं असतं?"

"हेच."

"मग?"

"पन दुसरा नव्हता ना. म्या होतो."

त्यानंतर दाजी पुष्कळ दिवस जात राहिले. जादू काही झाली नाही. कधी झोप यायची, कधी यायची नाही. बाजाराच्या दिवशी हात गारच पडायचे. पण आत मला बसवणं बंद झालं. मी बाहेर बाकड्यावर बसायचो आणि आतून दाजींचा आवाज ऐकू यायचा. काय बोलतात ते कळत नसे, नुसता आवाज. तेवढ्यानेच मला बरं वाटे. एक दिवस अक्काचा फोन आला, की दूधवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं. ती फोनवर हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. पुढे पोरगा म्हणाला, काका, आता लागलं तरच या. तर दाजी महिनाभर त्याच विचारात. "हातातलं गिऱ्हाईक सोडून देतो? ह्याच्यात नक्की काहीतरी घोळ हाय."

एकच काम राहिलं होतं. ते कोणी सांगितलं नव्हतं; एके सकाळी दाजी आपणहून माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "गाडी काढ. तांड्यावर जायचंय." नाईकाची बायको ओट्यावर सुपात हळद निवडत बसली होती. दाजी तिच्यापुढे उभेच राहिले, आणि जे दवाखान्यात सांगितलं ते सगळं सांगितलं. हसलो, हेसुद्धा. मी खाली बघत होतो. म्हटलं, आता ही बाई सूप भिरकावणार, आणि भिरकावलं तर चूक तिची नाही.

बाईने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ, मला सगळ्यायनं सांगितलं, ढोरायमधी पडला, जवळ आपलं मानूस कोनी नव्हतं. वरीस झालं, डोळे मिटले की मला तेच दिसतं. एकटा पडलेला." पदराने डोळे पुसले. "शेवटापरेंत तुमच्या हातात हात व्हता, व्हय?"

"व्हय, वैनी."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मंग लई बरं झालं."

परत येताना तांड्याच्या उताराखाली दाजींनी मला गाडी थांबवायला लावली. उतरले. रस्त्याच्या कडेला उभे राहून शेताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चष्मेवाल्या, ती खरं बोलली, का मला बरं वाटावं म्हनून बोलली?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक तरी कोणाला असणार? मी म्हटलं, "खरं बोलली, दाजी."

त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बैलाकडे बघतात तसं, नीट, सावकाश. मला वाटलं, आता प्रश्न येणार. पण ते म्हणाले, "असंल." उभ्या आयुष्यात दाजींच्या तोंडून हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग ते माझ्या मागे गाडीवर बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. रस्ता खराब आहे तिकडचा, म्हणूनही ठेवला असेल.